बोट बाईचं, मत नवऱ्याचं

शुद्धाचार पक्षाचा झेंडा कोणत्या रंगाचा, असं कोणी विचारलं तर पक्षातले लोक छाती फुगवून सांगायचे, ‘तपस्येच्या रंगाचा!’ वहिनींना विचारलं असतं तर त्यांनी खरं काय ते सांगितलं असतं, पण वहिनींना विचारतंय कोण? त्यांच्या सासऱ्यांचं रंगाचं दुकान होतं. एकदा त्यांनी घाईघाईत भलत्याच रंगाचे डबे मागवून ठेवले. धड पिवळा नाही, धड तपकिरी नाही, तापकऱ्याच्या जिभेसारखा. गिऱ्हाईक झाकण उघडून बघायचं, नाक मुरडायचं आणि पांढरा घेऊन जायचं. डबे वर्षानुवर्षं माळ्यावर पडून होते. मग सासऱ्यांनी पक्ष काढला, पक्षाला झेंडा लागला, आणि बघता बघता माळा रिकामा झाला. तपस्या म्हणे!

बरं, पक्ष तरी का काढला? तर प्रार्थनाघराच्या कारभारी मंडळावर त्यांना कोणी निवडून दिलं नाही म्हणून. नाचता येईना अंगण वाकडं. मंडळातून पडले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांना साक्षात्कार झाला की धर्म बुडतोय, आणि तो बुडवणारे दुसऱ्या धर्माचे लोक आपल्याच रस्त्यावर दुकानं थाटून बसलेत. त्यांना घर भाड्याने देऊ नका, त्यांच्याकडून सुईसुद्धा विकत घेऊ नका, त्यांच्या पोरांना आपल्या शाळेत बसू देऊ नका, असा एकूण कार्यक्रम. एका पानात मावायचा. उरलेल्या पानांवर शत्रूंना शिव्या असायच्या.

पण शत्रूंशी लढायला पक्षाला कधी सवडच मिळाली नाही, कारण आपापसातच पुरेसं काम होतं. प्रार्थनेला लाउडस्पीकर लावणं पाप की पुण्य, यावरून पक्ष पहिल्यांदा फुटला आणि ‘मूळ शुद्धाचार पक्ष’ निघाला. शर्टाची बाही मनगटापर्यंत हवी की मनगट झाकेपर्यंत, यावरून दुसऱ्यांदा फुटला आणि ‘खरा मूळ शुद्धाचार पक्ष’ जन्माला आला. त्यात बाप आणि मुलगा असे दोघंच होते. पुढे मुलाचं लग्न झालं आणि तोही सोडून गेला. गेलेले बहुतेक लोक वर्षा-दोन वर्षांत गुपचूप परतायचे. फुकट चहा मिळण्याचं दुसरं ठिकाण त्यांना नव्हतं, आणि तो चहा करायच्या वहिनी.

सासरे गेले आणि वहिनींचे यजमान अध्यक्ष झाले. दुकान, झेंडा आणि हट्ट, तिन्ही वारशाने मिळालं. पक्षाचं कार्यालय म्हणजे यांच्याच घराची पुढची खोली. युवक आघाडी म्हणजे यांचाच एकुलता एक मुलगा, जो बापासमोर तोंडातून ब्र काढायचा नाही. सरचिटणीस होते अध्यक्षांचे शाळेपासूनचे जिवलग मित्र, कोपऱ्यावरचे खिळेवाले. खिळे, कड्या, बिजागऱ्या विकायचे. आणि पक्षाचे पंडित म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. हे सगळे वहिनींना वहिनीच म्हणत. त्यांना स्वतःचं काही नाव असेल, हे बहुधा कोणाच्या मनातही आलं नसावं.

पक्ष दर निवडणुकीला उभा राहायचा आणि दर निवडणुकीला आपटायचा. त्याचं एक साधं कारण होतं. पक्षाच्या बायका मतच देत नसत. थोरल्या अध्यक्षांचं वचन होतं: ‘बाई ती नवऱ्याची सावली. सावलीला वेगळं डोकं नसतं. तिचं मत म्हणजे नवऱ्याचंच मत, ते दोनदा मोजणं ही चोरी.’ म्हणजे ज्या घरात दोन मतं, तिथून पक्षाला एकच मिळायचं, तेही नवऱ्याला सर्दी झाली नसेल तर. स्वतःच्या हाताने स्वतःची निम्मी मतं बुडवणारा पक्ष जगाच्या पाठीवर दुसरा नसेल. आणि वर छाती फुगवून सांगायचे, आम्ही आकड्यांच्या मागे धावत नाही!

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. वहिनींनीही तेच केलं. चहा गाळता गाळता त्या मनातल्या मनात हसायच्या आणि दिवस ढकलायच्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, याच्यापलीकडे या लोकांच्या हातून काही व्हायचं नाही, अशी त्यांची खात्री होती. मागच्या वर्षी ती खात्री गेली.

घरासमोर रस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडे नगरपालिकेचं प्रसूतिगृह. जुनी बैठी इमारत, हिरवी दारं, बाहेर लाकडी बाक. तिथली मोठी नर्स परक्या धर्माची आणि डॉक्टर पुरुष. त्यामुळे पक्षाच्या घरातलं बाळंतपण घरातच व्हायचं, हा नियम. सुनेची पहिली वेळ होती. सकाळी कळा सुरू झाल्या, दुपार झाली, मूल अडलं. बोलावून आणलेली पक्षाची म्हातारी सुईण घाम पुसत राहिली. वहिनी बाहेर आल्या, म्हणाल्या, “अहो, समोर नेऊ या. पोरीला झेपत नाहीये.” अध्यक्ष दारात उभे राहिले. “त्या बाईचे हात माझ्या नातवाला लागणार नाहीत,” म्हणाले.

नाहीच लागले. मुलगा झाला, गोरापान, आणि रडला नाही.

मग सुनेचं रक्त थांबेना. तेव्हा वहिनी कोणाला न विचारता रस्त्यावर गेल्या आणि घसा फाटेस्तोवर ओरडल्या. मोठी नर्स हातातलं काम टाकून धावत आली. तिने सून वाचवली. ती घरात होती तेवढा वेळ अध्यक्ष मागच्या खोलीत दार लावून बसले होते. ती गेल्यावर त्यांनी उंबरठा धुवून घेतला. कोणाकडून? वहिनींकडून. वहिनींनी तो धुतला, आणि धुता धुता त्यांना नवऱ्याचा असा तिटकारा आला की हातातली बादली भिंतीवर आपटावीशी वाटली. त्या दिवसापासून चहा गाळताना त्यांना हसू येईनासं झालं.

वर्ष उलटलं. सुनेला पुन्हा दिवस गेले. आणि नेमकी तिच्या सातव्या महिन्यात नगरपालिकेची निवडणूक लागली.

या वेळी मात्र गंमत वेगळी होती. नगरपालिकेत दोन मोठ्या पक्षांचं बळ सारखं, आणि या वॉर्डात दोघांमध्ये अशी जुंपली होती की मतं फुटून भलत्याचंच फावेल अशी चिन्हं. आंधळा मागतो एक डोळा, तसं अध्यक्षांचं झालं. दोन्हीपैकी एका मोठ्या पक्षाचा पुढारी स्वतः पुढच्या खोलीत येऊन बसला. म्हणाला, “तुम्ही निवडून या, आम्हाला पाठिंबा द्या, आणि मागाल ते घ्या.” अध्यक्षांनी काय मागावं? रस्ते? पाणी? छे! ते म्हणाले, “समोरचं प्रसूतिगृह बंद करा. इमारत आम्हाला द्या. धर्मशिक्षणाचे वर्ग चालवू.” पुढाऱ्याने खांदे उडवले. दिली, म्हणाला. त्याच्या बायकोची बाळंतपणं मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात झाली होती, त्याचं काय जात होतं?

सुनेने भिंतीआडून ते ऐकलं. स्वयंपाकघरात येऊन ती पाटावर बसली. “आई, ते बंद झालं तर मी कुठे जाऊ?”

“गप्प बस. असं काही होत नसतं,” वहिनी म्हणाल्या. पण तिच्या पोटाकडे बघताना त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसेना. दुसऱ्यांदा अडलं तर ही पोर राहणार नाही, हे मोठ्या नर्सने तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं.

मग ती सभा झाली. पुढच्या खोलीत दहा-बारा माणसं, मध्ये अध्यक्ष, स्वतःच उमेदवार. जिंकायला मतं कमी पडत होती आणि ती आणायची कुठून, हा प्रश्न. बराच वेळ सगळ्यांनी अकलेचे तारे तोडले. शेवटी मास्तर खाकरले. “मतं आपल्याच घरात पडून आहेत,” म्हणाले. “दर घरात एक.”

“बायकांची?” खिळेवाले उडालेच. “मास्तर, शुद्धीवर आहात ना?”

“थोरले अध्यक्ष काय म्हणाले? बाईचं मत ते नवऱ्याचंच. मग नवऱ्याने आपलंच मत बायकोच्या हातून टाकलं, तर बिघडलं कुठे? तुम्ही नोकराच्या हातून चिठ्ठी पाठवता, म्हणून चिठ्ठी नोकराची होते का?”

“पण ती चोरी, असंही ते म्हणाले होते.”

“बाकीचे पक्ष इतकी वर्षं चोरताहेत. आपण फक्त आपलं परत घ्यायचं.”

हा मुद्दा सगळ्यांना एकदम पटला. सोयीचा मुद्दा पटायला वेळ लागत नाही. तासाभरात ठराव झाला: अडचणीपुरती सवलत म्हणून, या एका निवडणुकीपुरतं, बायकांनी मत द्यावं. अध्यक्षांना घोषणाही सुचली. ‘बोट बाईचं, मत नवऱ्याचं!’ सगळ्यांनी माना डोलावल्या.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “अहो, पण आत बरोबर कोणी येतं का? मी चुकले तर?”

“आत एकटीनेच जायचं असतं, नियम आहे,” अध्यक्ष म्हणाले. मग मास्तरांकडे वळून, “बघा, हा घोळ होणार. यांना काय कळतंय! सराव घ्यायला हवा.”

‘एकटीनेच.’ वहिनींनी ट्रे खाली ठेवला, आणि तो शब्द मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिला.

सराव म्हणजे एक तमाशाच झाला. पुढच्या खोलीत दोरी बांधून चादर टांगली. चादरीमागे टेबल, टेबलावर शिक्का. अध्यक्षांनी स्वतः कुंचल्याने नकली मतपत्रिका रंगवल्या. पक्षाची निशाणी शिडी. पण शिडीच्या वरच्या आणि खालच्या निशाण्याही काढाव्या लागल्या, नाहीतर बायकांना कळणार कसं की कशावर मारायचं नाही? मास्तर छडी घेऊन उभे. “हे वरचं घर, याकडे बघायचंसुद्धा नाही. हे खालचं चाक, यावर चुकूनही शिक्का पडता कामा नये. चाक कुठे आहे? सांगा बघू.” आणि सगळ्या बायका एका सुरात, “खाली!” शिक्का कसा दाबायचा, शाई वाळेपर्यंत घडी का घालायची नाही, दोन निशाण्यांच्या मध्ये पडला तर मत कसं बाद होतं, सगळं इत्थंभूत. नगरपालिकेच्या निवडणुकीत इतके तयार मतदार कोणी पाहिले नसतील.

मग झेंडा दाराच्या डाव्या बाजूला लावायचा की उजव्या, यावरून बाहेर वाद पेटला आणि पुरुष झाडून सगळे बाहेर गेले. आत राहिल्या बायका. पक्षाच्या सबंध इतिहासात बायका एका खोलीत पुरुषांशिवाय बसल्या, ते या दिवशी पहिल्यांदा. एकमेकींना त्या प्रार्थनाघराच्या पायरीवर नुसत्या मान हलवून ओळखायच्या. खिळेवाल्यांची बायको होती, मास्तरांची होती, पक्षाच्या शिंप्याची होती. कोपऱ्यात उशीला टेकून सून बसली होती, आठव्यात.

वहिनींना गप्प राहवेना. “माझा नातू गेला,” त्या म्हणाल्या. “रस्ता ओलांडला असता तर राहिला असता. आता ही पोर आहे. यांची शिडी निवडून आली की समोरच्या दाराला कुलूप. एवढंच सांगायचं होतं. बाकी मला राजकारण कळत नाही.”

मास्तरांच्या बायकोने पदराने डोळे टिपले. त्यांची थोरली लेक अशीच गेली होती, पण ते मास्तरांनी कधी कोणाला सांगू दिलं नव्हतं. खिळेवाल्यांची बायको हातातली नकली मतपत्रिका उलटसुलट करत राहिली. मग हळूच म्हणाली, “चाक खाली आहे ना, वहिनी? मास्तरांनी छान समजावलं हो.” शिंप्याच्या बायकोला हसू फुटलं आणि तिने ते तोंडावर हात दाबून गिळलं. एवढ्यात पुरुष आत आले. झेंडा उजवीकडे ठरला होता.

चाक ही निशाणी अपक्ष उभ्या राहिलेल्या एका बस-ड्रायव्हरची होती. तो काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. बोलायला लागला की थांबायचा नाही, आणि तिकिटांच्या पैशांवरून एकदा निलंबितही झाला होता. पण त्याची दोन्ही पोरं समोरच्या प्रसूतिगृहात झाली होती आणि ते बंद करणाऱ्याला मी आडवा येईन, असं तो भर चौकात म्हणाला होता. वहिनींना तेवढं पुरे होतं.

मतदानाच्या दिवशी अध्यक्ष त्यांना केंद्राच्या दारापर्यंत सोडायला आले. “शिडी. मधली,” पुन्हा एकदा म्हणाले. आत टेबलामागच्या माणसाने यादीवर बोट ठेवून वहिनींचं नाव मोठ्याने वाचलं. सासरी आल्यापासून ते नाव त्यांच्या कानावर पडलं नव्हतं. क्षणभर त्या दुसरं कोणी उठतंय का, म्हणून बघत राहिल्या. “तुम्हीच ना?” त्याने विचारलं. “हो, मीच,” वहिनी म्हणाल्या.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्या उभ्या राहिल्या. भीती होतीच. चाळीस वर्षं ज्या माणसाला अहो म्हटलं, त्याच्या पाठीमागून करायची ही पहिलीच गोष्ट. वाटलं, त्याला भिंतीतूनही दिसेल. मग तो उंबरठा आठवला, आणि संताप असा उसळला की भीती कुठल्या कुठे गेली. त्यांनी चाकावर शिक्का दाबला. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि मग घडी घातली.

“नीट मारलास ना?” बाहेर अध्यक्षांनी विचारलं.

“अगदी मधोमध,” वहिनी म्हणाल्या.

निकाल लागला. ड्रायव्हर निवडून आला. शुद्धाचार पक्ष तिसरा. आता खरी मजा पुढे आहे. पक्षाला मतं पडली ती मागच्या वेळेपेक्षा फक्त चार जास्त. तेवढेच पुरुष, आणि चार बायका. गणिताच्या मास्तरांना तर जाऊच द्या, दुसरीतल्या पोरालाही यातून काय झालं ते कळलं असतं. पण पुढच्या खोलीत बसलेल्या एकालाही ते कळलं नाही. कळून घ्यायची सोयच नव्हती! बाईला वेगळं डोकं नसतं, हे तर धर्मवचन. म्हणजे बायकांनी सांगितल्याप्रमाणेच मत दिलं असणार. ती मतं मोजायची, मग उरतात किती? म्हणजे फितूर झाले ते पुरुष! जवळजवळ सगळेच!

मास्तरांनी फळ्यावर हे सोडवून दाखवलं, आणि खोलीत प्रत्येक जण शेजारच्याकडे बघायला लागला.

“तू तेव्हाही कां-कूं करत होतास,” अध्यक्ष खिळेवाल्यांना म्हणाले. “बायकांची मतं नकोत, म्हणालास. का नकोत, ते आता कळतंय.”

“अरे, मी वचनाला धरून बोललो!” खिळेवाल्यांचा आवाज चिरकला. “शाळेत एका बाकावर बसलो आपण. मी तुला मत देणार नाही?”

“मग गेली कुठे मतं? पाखरं होऊन उडाली?”

वहिनींना खिळेवाल्यांची दया आली. हा माणूस मूर्ख होता, पण त्या दिवशी निर्दोष होता. शिवाय आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्यांनी स्वतःशी कबूल केली: आपण केलेलं कोणाला तरी कळावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्या दारातून दोन पावलं आत आल्या. चहा नव्हता, ट्रे नव्हता, हात रिकामे. “भावजींना बोलू नका. मी शिडीला मत दिलं नाही. चाकाला दिलं,” त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “केवढं मन आहे!” ते म्हणाले. “मित्रामित्रांत वितुष्ट नको म्हणून माउली स्वतःवर आळ घेतेय.”

“आळ नाही, मास्तर. खरं सांगतेय. मी माझ्या हाताने—”

“पुरे,” अध्यक्ष म्हणाले, आणि तेही थोडे विरघळलेच होते. “तुझा स्वभाव मला माहीत आहे. जा, चहा टाक.”

खिळेवालेसुद्धा हात जोडून म्हणाले, “वहिनी, माझ्यासाठी खोटं नका बोलू.”

काय म्हणावं आता याला! पालथ्या घड्यावर पाणी. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि चहा न टाकता नुसत्याच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. आयुष्यात एकदाच स्वतःच्या डोक्याने काही केलं, आणि तेही त्यांच्या चांगुलपणाच्या खाती जमा झालं.

त्या संध्याकाळी पक्ष फुटला. पहिल्यांदाच तो मधोमध फुटला, प्रत्येक जण उरलेल्यांना फितूर म्हणत. अध्यक्ष आणि खिळेवाले एका रस्त्यावर राहून तोंडं फिरवून जायला लागले.

काही दिवसांनी भर सकाळी सुनेला कळा सुरू झाल्या. वहिनींनी तिच्या खांद्यावर शाल टाकली, तिचा दंड धरला आणि तिला दाराशी आणलं. दारात अध्यक्ष. तेच दार, तेच उभं राहणं.

“कुठे?”

“समोर.”

“कोणाला विचारून?”

वहिनी थांबल्या. “मत दिलं तेव्हा कोणाला विचारलं होतं?” त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. “तुमच्या सगळ्यांसमोर सांगितलं मी. तुम्ही ऐकलं नाहीत. ते दार उघडं आहे ना समोर, ते मी उघडं ठेवलंय. आता बाजूला व्हा, नाहीतर रस्त्यावर उभी राहून पुन्हा ओरडेन, आणि या वेळी काय काय ओरडेन ते सगळा रस्ता ऐकेल.”

अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं. बहुतेक इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. मुलगा बापाच्या मागून पुढे आला आणि त्याने, ब्र न काढताच, बापाला हाताने बाजूला केलं. बायकोचा दुसरा दंड धरला. तिघं रस्ता ओलांडून गेली.

मूल याही वेळी आडवंच होतं. मोठ्या नर्सने आणि डॉक्टरने ते फिरवून काढलं. मुलगी झाली, आणि अशी रडली की बाहेरच्या बाकावर ऐकू आलं. वहिनीही रडल्या, अगदी मोकळेपणी, नर्सच्या खांद्यावर डोकं ठेवून.

सून घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी खिळेवाले दारात येऊन उभे राहिले. हातात पाळण्याच्या चार पितळी कड्या, नव्या कोऱ्या. आत येईनात. अध्यक्ष पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, वहिनी नातीला मांडीवर घेऊन खिडकीशी.

“नात झाली म्हणून आलो,” खिळेवाले म्हणाले. “भांडायला नाही आलो. एकदा म्हण नुसतं, ‘तू मला मत दिलंस, हे मला पटलंय.’ मग जातो.”

अध्यक्षांना आता सगळं ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं. त्या एका वाक्याने शाळेपासूनचा मित्र परत मिळाला असता. वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या; त्यांना खरंच वाटलं, बोलेल हा. अध्यक्षांनी मान फिरवली. मग भिंतीकडे बघत म्हणाले, “फितुरी झाली एवढं खरं. तुझं तुझ्यापाशी.”

बायकोला डोकं आहे, असं म्हणण्यापेक्षा मित्र फितूर आहे, असं म्हणणं त्यांना सोपं गेलं. वहिनींना वाटायची ती शेवटची दयाही तिथेच संपली.

खिळेवाल्यांनी कड्या उंबरठ्यावर ठेवल्या आणि ते पायरी उतरले. वहिनींनी खिडकीतून हाक मारली, “भावजी! तुम्ही मत दिलं होतंत. मला ठाऊक आहे.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“कारण मी दिलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं होतं. बघा यांच्याकडे.”

खिळेवाल्यांनी दारातून आत पाहिलं. अध्यक्ष फरशीकडे बघत बसले होते, आणि नाही म्हणाले नाहीत. हिशेब हळूहळू खिळेवाल्यांच्या डोक्यात शिरत होता. मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, “आणि... आमच्या हिने?”

“मला काय ठाऊक? आत एकटीनेच जायचं असतं,” वहिनी म्हणाल्या. “तिलाच विचारा. लग्न झाल्यापासून कधी काही विचारलंत का तिला?”

नात कुरकुरली म्हणून वहिनी मांडी हलवायला लागल्या. खिळेवाल्यांनी मान खाली घातली. त्यांचं घर डावीकडे होतं. ते रस्त्याच्या मध्यापर्यंत गेले, डावीकडे दोन पावलं टाकली, थांबले, आणि उजवीकडे वळून दुकानाकडे निघाले. त्या वारी दुकान बंद असायचं.